आधी गाऱ्हाणं, मग आरती
(शताब्दी सप्ताहात दिंडीच्या मंडपात केलेल्या भाषणाचा लेखी पाठ)

 

दिंडीला 100 वर्षं झाली. ती कशी सुरू झाली, विणा कोणाकोणाच्या गळ्यात होता, बैलगाडी जाऊन ट्रक कधी आला, हे या सप्ताहात थोरांनी सांगितलंच आहे. आम्ही काही कीर्तनकार नव्हे. चाळीस वर्षं टाळ घेऊन चाललेले साधे टाळकरी. आम्हाला विषय दिलाय ‘मनाची शांती आणि घरातली नाती’. तो ऐकून आमच्या घरची मंडळी हसली. का हसली ते पुढं कळेल.

वारीतली दिवसभराची चाल संपली की पालखी तळावर येते. लोणंद घ्या, तरडगाव घ्या, वेळापूर घ्या. दिंड्या गोळा होतात, टाळ-मृदंगाचा असा गजर चाललेला असतो की शेजारच्याचा शब्द कानी पडत नाही. मग चोपदार दंड उंच करतात आणि क्षणात सगळं शांत. पहिल्यांदा बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो.

पण कधी कधी एखाद्या दिंडीचा टाळ वाजतच राहतो. नवख्याला वाटतं, यांना शिस्त नाही. तसं नसतं. टाळ चालू ठेवला म्हणजे ‘आमचं गाऱ्हाणं आहे’ असं सांगितलं. वाटेत कोणी क्रम मोडला असेल, पाण्याची गैरसोय झाली असेल. चोपदार त्या दिंडीकडं जातात, ऐकून घेतात, तोड काढतात. मग तो टाळ थांबतो. हरवल्या-सापडल्याचा पुकारा होतो, उद्या निघायची वेळ सांगतात, आणि मग समाजआरती. वाजणाऱ्या टाळाला दटावून गप्प करत नाहीत, आणि गाऱ्हाणं ऐकल्याशिवाय आरतीही होत नाही.

हे आम्ही दरसाल बघत होतो. अर्थ मात्र डोक्यात शिरला नव्हता.

आमची आणि धाकट्या भावाची विहीर सामाईक. पाण्याच्या पाळीवरून एकदा तोंडातोंडी झाली आणि बोलणं बंद पडलं. एक नाही, दोन नाही, सहा वर्षं. वारीला मात्र दोघंही एकाच दिंडीत. हरिपाठ झाला की एकमेकांच्या पायाही पडायचो, कारण सगळेच पडतात. पंगतीत तो या टोकाला, आम्ही त्या टोकाला. गावात लोक म्हणायचे, “आबा आता किती शांत झालेत, भांडत नाहीत.” आम्हालाही ते खरं वाटायचं. आत काय होतं ते आमचं आम्हाला ठाऊक. तोंडात हरिपाठ आणि मनात विहीर.

एका साली तळावर कुठल्याशा दिंडीचा टाळ बराच वेळ थांबेना. पाय भरून आले होते. आम्ही पुटपुटलो, “एकापायी सगळ्यांचा खोळंबा.” मागं डोक्यावर तुळस घेऊन धाकटी भावजय उभी होती. ती कोणाकडं न बघता म्हणाली, “ते वाजवत्यात तरी. आमच्याकडं सहा वर्षं नुसतं टाळ धरून उभी आहेत दोघं.”

त्या रात्री राहुटीत डोळा लागला नाही. उठून भावाकडं गेलो. तोही जागाच होता. आम्ही म्हटलं, “बोल, तुझं काय म्हणणं होतं?” तो म्हणाला, “दादा, रात्रीची लाईट असली की पाळी माझी. दिवसाची असली की तुझी. थंडीत दारं धरायला मी, विंचू-काट्याला मी. तुला कधी दिसलंच नाही.”

आमच्या तोंडावर उत्तर आलं होतं. एरवी ते सुटलंही असतं. पण पंधरा दिवस चालल्यावर पायांबरोबर मीपणाही थोडा थकतो. गप्प बसलो, मनात मोजलं. तो म्हणत होता त्यात खोटं काहीच नव्हतं. सहा वर्षं आम्ही अन्याय सोसतोय असं समजत होतो, आणि अन्याय करणारे आम्हीच होतो.

आता पाळी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो. रात्रीची पाळी आलटून पालटून. वर्षातून दोनदा अजूनही वाजतं आमचं, म्हणून तर घरची हसली. पण निजायच्या आत मिटवतो.

माउली, मुक्ताईंची आठवण काढा. लोकांच्या बोलण्यानं दुखावून ज्ञानोबाराय ताटी लावून आत बसले, तेव्हा ती ताटी उघडायला लावली धाकट्या बहिणीनं. ताटीचे अभंग त्यातूनच आले. ताटी लावून बसणं म्हणजे शांती असती, तर मुक्ताईंना एवढी विनवणी कशाला करावी लागली असती?

घरात चोपदार नसतो. ज्याचा त्यानंच व्हायचं. राग आला की लगेच उत्तर देऊ नये. एक माळ नाम घ्यावं. त्यानं राग जातोच असं नाही, पण आवाज खाली येतो, आणि समोरच्याचा ऐकू येतो. सून भांडी आपटते, पोरगं जेवण टाकून उठतं, म्हातारी आई तेच तेच बोलते. तो टाळ आहे, माउली. ‘गप्प बस’ म्हणू नका. जवळ जा आणि ‘काय झालं’ विचारा. आणि आपलं गाऱ्हाणं असेल तर ज्याचं त्याला त्याच दिवशी सांगा. गावभर सांगू नका, मनातही साठवू नका.

दिंडीची दुसरी शंभरी आता सुरू होतेय. आपल्या दिंडीत आजही पंगतीच्या दोन टोकांना बसणारी माणसं आहेत. नावं घेत नाही, त्यांची त्यांना माहीत आहेत. उद्या काला आहे. काल्याचा घास एकमेकांच्या तोंडात घालायचा असतो. त्याआधी आज रात्र आहे.

रामकृष्णहरी.