ट्रॅक्टर आला, पण पेरणीसाठी नव्हे
(भाईंदर येथील कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात एका शेतकऱ्याने केलेले भाषण)

साथींनो,

मला 'शेती आणि यंत्रे' या विषयावर बोलायला सांगितले आहे. या विषयावर अधिकारवाणीने बोलणारे विद्वान पुष्कळ आहेत. मी त्यांच्यापैकी नव्हे. माझ्यापाशी आहे ती राई-मुर्ध्याच्या बाजूची सव्वा एकर खार जमीन आणि तिच्या चिखलात गेलेली चाळीस वर्षे. जे हाताने केले आणि डोळ्यांनी पाहिले, तेवढेच मी आपल्यापुढे ठेवणार आहे.

मीरा-भाईंदरमध्ये शेती आहे, हे ऐकूनच अनेकांना नवल वाटते. १९८५ साली येथे नगरपालिका आली, २००२ साली महानगरपालिका झाली. कागदोपत्री आम्ही शहरवासी झालो. परंतु राई, मुर्धे, मोर्वे, उत्तन, डोंगरी आणि घोडबंदरकडे चेणे या गावांतून भाताचे तुकडे अद्याप टिकून आहेत. एका बाजूला मिठागर, दुसऱ्या बाजूला इमारत आणि मध्ये भात, अशी आमची अवस्था आहे.

खार जमिनीचा स्वभाव प्रथम समजून घेतला पाहिजे. उन्हाळ्यात जमिनीतले मीठ वर येते आणि मातीवर पांढरा पापुद्रा धरतो. मृगाचे दोन-तीन मोठे पाऊस पडून ते मीठ धुतले गेले, उघाडीतून पाणी खाडीत गेले, की मगच पेरणीची वेळ येते. ही वेळ चार-सहा दिवसांची असते. ती साधली तर वर्षाचे तांदूळ, चुकली तर पेंढा. पूर्वी वरकस जमिनीवर राब भाजून रोपे करीत आणि ती खाली आणून लावीत. पुढे वरकस जमिनी इमारतींखाली गेल्या, कारण त्या उंच व कोरड्या. रोपे करायला जागाच उरली नाही. मग मोड आलेले बी थेट चिखलावर फेकायचे, ज्याला आम्ही रहू म्हणतो, त्याच पद्धतीवर आमची सारी भिस्त राहिली.

घाटावर पेरणी म्हटली की तिफण आणि पाभर आठवते. तेथे चाड्यावर मूठ धरणारी बहुधा घरातली बाई असते. तिच्या मुठीच्या अंदाजावर साऱ्या शिवाराचे पीक उभे राहिले. आज मराठवाड्यात, विदर्भात ट्रॅक्टरमागे पेरणीयंत्र चालते, सोयाबीन रुंद वरंब्यावर पेरले जाते. पाऊस कमी झाला तर सरीत ओल टिकते, जास्त झाला तर पाणी निघून जाते. ही प्रगतीच आहे आणि तिला नावे ठेवण्याचे मला कारण दिसत नाही. प्रश्न एवढाच की ती कोणाच्या दारापर्यंत पोचते.

आमच्या दारात तर कारखानाच होता. १९६३ साली इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनीची स्थापना झाली आणि त्याच दशकात कांदिवलीला ट्रॅक्टर तयार होऊ लागले. कांदिवली म्हणजे भाईंदरहून लोकलने मोजकी चार-पाच स्थानके. तेथे तयार झालेला ट्रॅक्टर पंजाबात गेला, पश्चिम महाराष्ट्रातल्या उसात गेला. आमच्या खारीत तो आला नाही, आणि यात कारखान्याचा दोष नव्हता. महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे १.३४ हेक्टर, आमच्याकडे तर हिशेब गुंठ्यांचाच. ट्रॅक्टर ज्या शेतासाठी घडविला गेला ते शेत आमचे नव्हते.

तरीही बैलजोडी विकल्यावर एका वर्षी मी भाड्याचा ट्रॅक्टर बोलावला. बोलावला मंगळवारी, आला रविवारी. मोठ्या खातेदारांची कामे उरकल्यावर आमचा क्रमांक लागला. माझ्या तुकड्यापर्यंत जायला चार भाऊबंदांचे बांध ओलांडावे लागतात. त्यांतले दोन बांध चाकाखाली मोडले आणि तिसऱ्या खाचरात ट्रॅक्टर आसापर्यंत रुतला. तो काढायला गावातल्या अकरा माणसांनी दुपारभर दोर ओढला. भाडे तासावर होते. रुतलेल्या वेळेचेही द्यावे लागले. पेरणीची वेळ गेली ती गेलीच, वर भावकीशी बोलणे तुटले ते वर्षभर.

म्हणून मी यंत्राचा वैरी झालो नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी एका परिचिताने मला पेरणीचा ड्रम उसना आणून दिला. दोन चाके, मध्ये दांडा आणि त्यावर भोके पाडलेले प्लास्टिकचे चार डबे. एक माणूस ओढीत नेतो आणि आठ ओळी पडतात, दोन ओळींत सुमारे आठ इंचांचे अंतर. त्याला ना डिझेल लागते, ना बांध मोडावा लागतो. पहिल्या वर्षी बियाण्याचे मोड लांब झाले, ते भोकांत अडकले आणि अर्धे शेत मोकळे राहिले. दुसऱ्या वर्षी पेरणीच्या रात्रीच धो धो पाऊस पडून बी वाहून कोपऱ्यात गोळा झाले. तिसऱ्या वर्षी शहाणपण आले. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ घालून पोकळ दाणे तरंगवून काढले, बी धुऊन एक दिवस भिजविले, एक दिवस गोणपाटात दडपले आणि मोड डोकावताच पेरले. मिठाच्या गावात जन्मून बियाण्यासाठी मिठाचा उपयोग मला उतारवयात कळला! त्या वर्षी ओळीत भात उभे राहिले, बेणणी सोपी झाली आणि बियाणेही कमी लागले.

आता जे सांगतो ते सांगताना मला संकोच वाटतो; परंतु साथींपुढे लपवायचे कशाला? शेजारची आणखी अर्धा एकर जमीन मी वाट्याने करीत असे. ती गोडी, म्हणून तेथे लावणी होई. लावणीला दरवर्षी डोंगरपट्ट्यातून त्याच सहा-सात आदिवासी बाया येत. इरली पाठीवर घेऊन दिवसभर वाकून त्या काम करीत. ड्रम साधल्यावर मी त्याही जमिनीत ड्रमच ओढला आणि त्यांना निरोप धाडला नाही. तरीही त्या आल्या. बांधावर उभ्या राहून त्यांनी ओळी पाहिल्या. त्यांच्यातली वयस्क बाई म्हणाली, "बरं झालं दादा, आमची कंबर वाचली. पण आता आम्ही जायचं कुठं?"

साथींनो, त्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. मी त्यांना चहा पाजला आणि जायचे भाडे दिले. परंतु हे उत्तर नव्हे. वाकून लावणी करणे हे काही जपून ठेवण्यासारखे वैभव नाही. त्या बाईची कंबर सुटली पाहिजे याबद्दल दुमत नसावे. पण मजुरी वाचली ती सारी माझ्या घरात आली, त्यांच्या घरी केवळ विश्रांती गेली. उपाशीपोटी मिळालेल्या विश्रांतीला बेकारी म्हणतात. यंत्राने श्रम वाचवले, पण वाचलेल्या श्रमाची वाटणी यंत्र करीत नाही. ती माणसांनाच करावी लागते, आणि ती करण्याची कोणतीही व्यवस्था आम्ही उभी केलेली नाही.

सरकारी योजनांचे म्हणाल तर त्या आहेत. लहान शेतकरी, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती यांना अवजारांवर ५० टक्क्यांपर्यंत आणि इतरांना ४० टक्क्यांपर्यंत अनुदान, तेही ठरावीक मर्यादेत. परंतु आधी पूर्ण किंमत भरायची आणि अनुदान मागाहून घ्यायचे. ज्याच्या हाती आधीच पैसा आहे त्यालाच ही मदत सुलभ होते. आमचे सातबारे सामाईक, एकेका उताऱ्यावर वीस-वीस नावे. त्यातून जिल्हा परिषदेची हद्द शहराच्या वेशीवर संपते आणि महानगरपालिकेच्या लेखी शेतकरी नावाचा नागरिकच नसतो. मी एका कार्यालयात गेलो तेव्हा तेथील गृहस्थांनी मला आश्चर्याने विचारले, "भाईंदरात पेरता तरी काय?"

या प्रश्नाचे उत्तर खारीच्या बांधावर दिसते. ज्या बांधावरून माझा भाड्याचा ट्रॅक्टर जाऊ शकला नाही, त्याच बांधापर्यंत पुढे रस्ता झाला आणि ट्रॅक्टर रांगेने येऊ लागले. त्यांच्यामागे पेरणीयंत्र नव्हते. ट्रॉलीत दगड-माती होती, पाडलेल्या इमारतींचा राबिट होता. भराव पडला की भरतीचे पाणी वाट बदलते, उघाडी तुंबते आणि शेजारच्या शेतातले मीठ धुतले जात नाही. मग ते शेतही 'नापीक' ठरते, आणि नापीक ठरलेली जमीन विकण्यावाचून गत्यंतर नसते. मेट्रोच्या कारशेडसाठी राई-मुर्ध्याची जमीन ठरली तेव्हा गावकऱ्यांनी विरोध केला. पुढे ती जागा डोंगरीकडे सरकली. तेथेही गावच आहे. यंत्र तेच, चालकही बहुधा आमच्याच गावचा पोरगा. शेत गेल्यावर तो दुसरे काय चालवणार?

१९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांनी कसणाऱ्याला जमिनीचा मालक मानले. ती अर्धी लढाई होती. उरलेली अर्धी अवजाराच्या मालकीची आहे. माझ्या अल्पबुद्धीप्रमाणे तीन गोष्टी तातडीने हाती घ्याव्यात. गावाची सामाईक अवजारे असावीत आणि त्यांचा क्रम खातेदाराच्या वजनावर नव्हे, शेताच्या वाफशावर ठरावा. ती चालविण्याचे शिक्षण प्रथम शेतमजूर स्त्रियांना द्यावे. ड्रम ओढणारी तीच असेल तर वाचलेल्या मजुरीत तिचा वाटा हक्काने राहील. आणि उघाड्या व खारबांध यांची दुरुस्ती दर वर्षी मेअखेर व्हावी. कारण खारे पाणी आत शिरले तर जगातले कोणतेही यंत्र भात पिकवणार नाही.

आमच्या गटाने यंदा दोन ड्रम वर्गणीतून घेतले आहेत. त्या वयस्क बाईला निरोप पाठवला आहे. ती येईल की नाही, मला ठाऊक नाही. न येण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे. मृग महिन्यावर आला आहे. तुमच्यापैकी ज्यांना उघाडीतला गाळ उपसता येईल त्यांनी रविवारी सकाळी सात वाजता मुर्ध्याला यावे. फावडी आमच्याकडे आहेत, हात कमी आहेत.