करार सोडला, काम थांबले नाही

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने पॅरिस हवामान करारातून पुन्हा अंग काढून घेण्याचे जाहीर केले. २०१७ मध्येही तेच झाले होते. तेव्हा कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन या राज्यांनी आघाडी करून करार आपल्यापुरता पाळायचे ठरवले.

म्हणजे वरचा निर्णय काहीही असो, खालच्या पातळीवर काम चालू ठेवता येते. आपल्या बेळगाव भागातही तेच. ऑगस्ट २०१९ मध्ये वेदगंगेचे पाणी निपाणीजवळ यमगर्णीला महामार्गावर आले आणि पुणे-बेंगळुरू वाहतूक ठप्प झाली. पूर असो वा टंचाई, झळ आधी गावालाच बसते. तयारीही गावानेच करावी लागते. उदाहरणार्थ, बेळगावच्या टिळकवाडीतली काँग्रेस विहीर १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेली. पुढे टंचाईत बेळगाव महापालिकेने शहरातल्या जुन्या विहिरींचा गाळ उपसून पाणी वापरात आणले. तुमच्या वॉर्डातल्या विहिरीत कचरा पडतोय का, एकदा डोकावून पाहा.