घरच्या माउलीचा वाटा

(अंतरवाली सराटी येथील महिला-मेळाव्यात केलेले भाषण)



संसारात गुंतलेल्या मातेने स्वतःच्या शरीराची व मनाची निगा कशी राखावी, हा विषय चालकांनी मला नेमून दिला, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. समाजोन्नतीच्या सभांतून शिक्षण, नोकरी, शेती, लग्नकार्यातील खर्च यांवर पुष्कळ बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या माउलीच्या कष्टांवर ही उन्नती उभी राहावयाची, तिच्या प्रकृतीचा विचार बहुधा ती अंथरुणाला खिळल्यावरच होतो.

अंबड तालुक्यातील या गावाचे नाव २९ ऑगस्ट २०२३ पासून श्री. मनोज जरांगे पाटील यांनी येथे केलेल्या उपोषणामुळे महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले. त्या मागणीची चर्चा हा आजचा विषय नव्हे. मला त्यातील एकच गोष्ट घ्यावयाची आहे. उपोषणास बसलेल्या माणसाने पाणी घेतले की नाही, त्याची प्रकृती कशी आहे, याची विचारपूस दूरदूरची माणसे करतात. भगिनींनो, आपल्या घरातही एक व्यक्ती अशी असते की जी बारा महिने अर्धपोटी राहते, सर्वांची जेवणे आटोपल्यावर उरले-सुरले खाऊन भागविते, आणि तिची नाडी मात्र कोणी पाहत नाही. तिचे उपोषण कधी जाहीर झालेले नसते, म्हणून ते सुटतही नाही.

हे मी भावनेच्या भरात बोलत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५४ स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. शेकडा ९२ स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि पूर्वी कधी त्यासाठी तपासणी झालेल्या स्त्रिया शेकडा अवघ्या ८ होत्या. शेजारच्या बीड जिल्ह्याचे उदाहरण तर आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. श्रीमती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसाठी २०१९ मध्ये तेथील ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. कामाचा खाडा परवडत नाही म्हणून दुखणे अंगावर काढावयाचे आणि अखेरीस अवयवच गमवावयाचा, अशी ही शोकांतिका आहे.

सोसणे हा स्त्रीचा दागिना, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. संकटात सोसावे लागते, हे खरे. परंतु रोजच्या रोज विनाकारण सोसणे हा सद्गुण नव्हे. बैलाला आपण नांगरटीनंतर दावणीला बांधतो, वैरण-पाणी करतो, पोळ्याला त्याची खांदेमळणी करतो. त्यास कोणी लाड म्हणत नाही. मग आईने घटकाभर पाठ टेकली तर तिने संकोचावे का?

आता प्रत्यक्ष आचरणाकडे वळू. मी सांगते त्यात खर्चाचे फारसे काही नाही.

पहिली गोष्ट अन्नाची. उपाशीपोटी दोन-तीन वेळा चहा घेऊन दुपारपर्यंत राबण्याची सवय प्रथम सोडावी. शेतावर निघण्यापूर्वी अर्धी भाकरी व मूठभर शेंगदाणे तरी पोटात जावेत. बाजरी, हरभऱ्याची भाजी, शेवग्याचा पाला, तीळ, अळीव यांतून शरीरास लोह मिळते. त्याबरोबर लिंबू पिळून घेतल्यास ते अधिक अंगी लागते. उलट जेवणाला लागून घेतलेला चहा त्यात अडथळा आणतो. म्हणून जेवण व चहा यांत तासाभराचे अंतर ठेवावे. आपल्या जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले आणि ती दूरच्या बाजारांत मानाने जाते. बाग राखणाऱ्या घरच्या आईच्या हातावर त्यातील एक तरी फळ पडते काय, हे प्रत्येकाने आपल्या मनास विचारावे. उपवास करावयाचा तर श्रद्धेने अवश्य करावा. परंतु गर्भवती, अंगावर पाजणारी व अशक्त स्त्री यांनी वैद्याचा सल्ला घेऊन मगच करावा.

दुसरी गोष्ट विश्रांतीची. बाळंतिणीला सव्वा महिना जपण्याची आपली रीत शहाणपणाची आहे. मात्र सव्वा महिना सरताच तिचा विश्रांतीचा अधिकारही सरतो, हे बरे नव्हे. कापूस-वेचणीच्या दिवसांत कंबर सतत वाकलेली राहते, म्हणून दर तासाला उभे राहून पाठ ताणावी. पाण्याची घागर उचलताना कमरेत न वाकता गुडघ्यांत वाकावे. दुपारी दहा मिनिटे डोळे मिटून संथ श्वास घ्यावा आणि तो घेण्यास लागला त्याहून अधिक वेळ सोडण्यास द्यावा; त्याने छातीतील धडधड कमी होते. रात्री हाती मोबाईल घेऊन जागण्यापेक्षा तीच अर्धी घटका झोपेस द्यावी.

तिसरी गोष्ट मनाची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्या आज्या-पणज्या पहाटे जात्यावर समोरासमोर बसत. सासरचा जाच, माहेरची ओढ, लेकराची चिंता त्या ओवीत गुंफीत. हेमा राईरकर व गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पिठाची गिरणी आली, हाताचे कष्ट वाचले, हे फार चांगले झाले. जाते परत आणा, असे मी कदापि म्हणणार नाही. परंतु दळणाबरोबर समोर बसणारी सखीही गेली, आणि मनातले बोलण्याची जागा रिकामी राहिली. ती आपण जाणीवपूर्वक भरली पाहिजे. आठवड्यातून एकदा बचत गटाच्या बैठकीनंतर पाव तास हिशेब बाजूला ठेवून एकमेकींची विचारपूस करावी. पंचमीच्या झिम्मा-फुगड्या लेकींपुरत्या न ठेवता आयांनीही खेळाव्यात.

मात्र काही दुखणी गप्पांनी हटत नाहीत. दोन आठवडे सतत उदास वाटणे, झोप उडणे, लेकराचाही कंटाळा येणे, जगणे नकोसे होणे, ही आजाराची लक्षणे आहेत. त्यास बाहेरची बाधा समजू नये व लाजही बाळगू नये. शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलि-मानस या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते.

चौथी गोष्ट तपासणीची. वर्षातून एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्त व रक्तदाब तपासून घ्यावा. हिमोग्लोबिन १२ ग्रॅमहून कमी असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या नेमाने घ्याव्यात. तिशी उलटलेल्या स्त्रीने मधुमेह, तसेच स्तन व गर्भाशयमुख यांचीही तपासणी टाळू नये. राज्य शासनाने २६ सप्टेंबर २०२२ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ हे अभियान सुरू केले होते. तो मुहूर्त आपण दरवर्षी पाळावा: घट बसविण्याच्या सुमारास घरातील प्रत्येक स्त्रीची तपासणी झालीच पाहिजे. कोणी गर्भपिशवी काढण्याचा सल्ला दिल्यास दुसऱ्या डॉक्टरचे मत घेतल्यावाचून होकार देऊ नये.

आता बंधूंना दोन शब्द. “वेळ कोठे आहे?” असे प्रत्येक भगिनी मला विचारील, आणि तिचे म्हणणे खरे आहे. २०१९ च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रीचा दिवसातील सरासरी वेळ २९९ मिनिटे, तर घरकामात भाग घेणाऱ्या पुरुषाचा ९७ मिनिटे आढळला. तेव्हा मातेला विश्रांती घे, असा नुसता उपदेश करणे म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक काम ठेवणे होय. मुलाने आपले ताट आपण धुवावे, पतीने पाणी भरावे, सासूबाईंनी सुनेला “आधी जेवून घे” म्हणावे. एवढ्याने तिचा एक तास मोकळा होईल. भावाभावांत वाटणी करताना आपण बांधाच्या वितीसाठी भांडतो. घरच्या माउलीचा वाटा मात्र तिने मागितला नाही म्हणून कोणी काढून ठेवीत नाही.

म्हणून माझी आपणास एकच विनंती आहे. आज घरी गेल्यावर सर्वांनी एका पंगतीस बसावे आणि पहिली गरम भाकरी जिने थापली तिच्या पानात वाढावी. समाजोन्नतीचे काम तेथूनच सुरू होऊ द्या.