तळ्यांच्या वाटेने भंडारा

भंडाऱ्यास येणारा प्रवासी बहुधा गोसीखुर्दचा विस्तीर्ण जलाशय पाहून परततो. त्याने पवनीस अवश्य थांबावे. १९६९-७० च्या उत्खननात तेथील जगन्नाथ टेकडीवर प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष प्रकट झाले. परंतु या जिल्ह्याचा प्राण गावतळ्यांत आहे. कोहळी समाजाने भूमीचा उतार ओळखून बांधलेली ही तळी धानाला पाणी आणि ढिवरांना मासोळी देत आली. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तळी सरकारजमा झाली. मग गाळ कोणी काढावयाचा? कित्येक तळी उथळ झाली. पाहुण्याने पाळीवर उभे राहून ही कथा गावकऱ्यांच्याच मुखातून ऐकावी. आंधळगावचे कोशाचे वस्त्र काय, परतीच्या वाटेवरही घेता येईल!