मॅकबेथ: नाटकातला खुनी आणि इतिहासातला राजा

आजचा राजा स्कॉटलंडचा आहे, पण तुम्ही त्याला बहुतेक आधीच भेटलाय. विशाल भारद्वाजचा ‘मकबूल’ पाहिलाय ना? मुंबईच्या अंडरवर्ल्डमधला तो मकबूल म्हणजे शेक्सपिअरचा मॅकबेथ. आणि घरात जुन्या नाटकांचं वेड असलेलं कुणी असेल, तर त्यांना वि. वा. शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’बद्दल विचारा. तेही मॅकबेथचंच मराठी रूप.

नाटकातली गोष्ट थोडक्यात सांगतो. मॅकबेथ हा शूर सरदार. लढाईहून परतताना त्याला तीन चेटकिणी भेटतात आणि म्हणतात, तू राजा होणार. बायको त्याला भरीला घालते. सज्जन, वयस्कर राजा डंकन पाहुणा म्हणून घरी आलेला असतो, त्याला हा झोपेत मारतो. मग एका खुनातून दुसरा खून. जिवलग मित्र बँको, तोही संपतो. बायको झोपेत हात धूत फिरते आणि मरते. शेवटी मॅकडफ मॅकबेथचं मुंडकं घेऊन येतो. खेळ खलास.

आता इतिहास बघू.

मॅकबेथ खरंच होऊन गेला. उत्तर स्कॉटलंडमधल्या मोरे प्रांताचा तो अधिपती. डंकन हा तेव्हाचा राजा, पण तो म्हातारा नव्हता, तरुण होता. 1040 मध्ये तो फौज घेऊन मॅकबेथच्या मुलखात शिरला आणि लढाईत मारला गेला. म्हणजे पाहुणाही नाही, बिछानाही नाही.

मग मॅकबेथने गादी बळकावली का? तिथे तेव्हा बापानंतर मुलगाच राजा, असा पक्का नियम नव्हता. राजघराण्याच्या वेगवेगळ्या शाखांतून राजा यायचा. मॅकबेथची बायको ग्रुओख स्वतः राजघराण्यातली होती. त्यामुळे त्याचा दावा हवेतला नव्हता. त्या काळात तलवारीने गादी मिळवणारा तो काही एकटाही नव्हता.

पुढे त्याने 17 वर्षं राज्य केलं. 1050 मध्ये तो रोमच्या यात्रेला गेला आणि तिथे गरिबांना सढळ हाताने पैसे वाटले, अशी नोंद आहे. विचार करा, गादी डळमळीत असती तर राजा राज्य सोडून इतक्या लांब गेला असता का? 1057 मध्ये डंकनचा मुलगा माल्कम याच्याशी लढताना लंफॅनन इथे तो पडला. त्यानंतरही गादी लगेच माल्कमला मिळाली नाही. आधी ग्रुओखचा पहिल्या लग्नाचा मुलगा लुलाख राजा झाला.

मग हा राजा खलनायक झाला कसा? इथे खरी गंमत आहे.

माल्कमचे वंशज पुढे पिढ्यान्‌पिढ्या गादीवर राहिले. जिंकणाऱ्यांच्या राज्यात हरलेल्याचं चरित्र कसं लिहिलं जाणार? 1527 मध्ये हेक्टर बोईस याच्या इतिहासात बँको अवतरला. हा माणूस प्रत्यक्षात झालाच नाही, असं आजचे इतिहासकार मानतात. पण स्कॉटलंडच्या स्ट्युअर्ट राजांचा तो मूळपुरुष ठरला! तिथून ही गोष्ट हॉलिनशेडच्या बखरीत गेली आणि ती बखर शेक्सपिअरच्या हातात आली.

1603 मध्ये स्ट्युअर्ट घराण्याचा जेम्स इंग्लंडचा राजा झाला. शेक्सपिअरची नाटक मंडळी थेट त्याच्या आश्रयाखाली आली. जेम्सने चेटूकविद्येवर स्वतः पुस्तक लिहिलं होतं. म्हणजे आश्रयदाता राजा, त्याला चेटकिणींमध्ये रस आणि त्याचा पूर्वज म्हणे बँको!

आता शेक्सपिअरने काय काय बदललं, ते ऐका. हॉलिनशेडच्या बखरीत बँको डंकनच्या खुनात सामील आहे. नाटकात तो धुतल्या तांदळासारखा स्वच्छ. बखरीत मॅकबेथची पहिली दहा वर्षं चांगल्या कारभाराची आहेत. नाटकात ती गायब. आणि पाहुण्या राजाचा झोपेतला खून? तो त्याच बखरीतल्या डफ नावाच्या दुसऱ्याच राजाच्या गोष्टीतून उचललाय.

म्हणून शेक्सपिअरला खोटारडा म्हणायचं का? मला नाही वाटत. हाव माणसाला आतून कशी पोखरते, हे या नाटकाइतकं नेमकं फार कमी ठिकाणी सापडतं. म्हणून तर ते मुंबईतही आपलं वाटतं. पण त्याची किंमत एका खऱ्या माणसाने मोजली. त्याचं नाव 400 वर्षं खुनी म्हणून घेतलं जातंय, आणि ग्रुओखचं तर नावसुद्धा उरलं नाही. ती फक्त ‘लेडी मॅकबेथ’.

आज आपल्या फोनवर रोज कुठला ना कुठला राजा येतो. सिनेमा, मालिका, तीस सेकंदांचं रील. तलवार, ढोल, डोळ्यांत पाणी. जरूर बघा, टाळ्याही वाजवा. फक्त एखाद्याचा राग डोक्यात घेऊन ते पुढे पाठवण्याआधी दोन प्रश्न विचारा: हे लिहिलं तेव्हा गादीवर कोण होतं? आणि हरलेल्याची बाजू कुणी लिहून ठेवली का?

आजच्यापुरतं इतकंच. भेटू पुढच्या भागात!