यादीत लेकीचे नाव

श्रोतेहो, आजचा विषय तुम्हाला लांबचा वाटेल. लष्करी सेवेसाठी सक्तीची नावनोंदणी करायची वेळ आली, तर त्या यादीत बायकांची नावे असावीत की नसावीत? पण माझ्यापुढे हा प्रश्न आला तो बेलापूरच्या एका बापाच्या तोंडून.

बेलापूर म्हणजे आपले प्रवरेकाठचे, श्रीरामपूर तालुक्यातले. (बेलापूर नावाचे रेल्वे स्टेशन मात्र श्रीरामपुरात आहे, आणि नवखा माणूस तिथे हमखास फसतो. असो.) गृहस्थ उसाचे शेतकरी. थोरला मुलगा फौजेत. धाकटी मुलगी आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला. तिने राष्ट्रीय छात्रसेनेत, म्हणजे एन. सी. सी.त, नाव दिले होते आणि नावे लिहून घेण्याचे काम माझ्याकडे होते. टोपी काढून हातात धरीत ते म्हणाले, "सर, तेवढं पोरीचं नाव काढून टाका."

"का हो?"

"पोरगा दिलाय की देशाला. आता पोरगी बी द्यायची का? उद्या लढाई लागली अन् सरकारनं हीच यादी काढली म्हंजे?"

मी त्यांना समजावले की छात्रसेनेचा कायदा १९४८ सालचा आहे, आणि केवळ छात्र आहे म्हणून कोणालाही लढाईवर पाठवता येत नाही, असे त्यातच लिहिले आहे. त्यांनी मान डोलावली, पण उठले नाहीत. शेवटी मी ते नाव खोडले.

त्यांची भीती अडाणीपणाची होती असे मात्र समजू नका. अशा याद्या जगात आहेत. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ च्या डिसेंबरात, ब्रिटनने कायदा करून वीस ते तीस वर्षांच्या अविवाहित स्त्रियांना सक्तीने बोलावले. इस्रायलमध्ये १९४९ पासून मुलींना सक्तीची सेवा आहे. नॉर्वेने ती २०१५ पासून लागू केली आणि डेन्मार्कने २०२५ च्या जुलैपासून. उलट अमेरिकेत अठरा वर्षांच्या मुलांनी नाव नोंदवायचे, मुलींनी नाही. त्यावर तिथे खटला झाला, तेव्हा १९८१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा भेद चालू ठेवला.

आपल्याकडे सक्तीची भरती नाही. जो जातो तो आपण होऊन जातो, अग्निवीरसुद्धा. पण शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे, की घटनेचे तेविसावे कलम एकदा काढून वाचा. सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावण्याची मुभा त्यात राज्याला दिली आहे. मात्र अशी सेवा लावताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांवरून भेद करायचा नाही. आता या यादीत काय नाही ते पाहा. स्त्री-पुरुष हा भेद त्यात नाही! पंधराव्या कलमात तो आहे, इथे नाही. म्हणजे उद्या नुसत्या पुरुषांना बोलावले, तर निदान हे कलम तरी आड येणार नाही. १९७६ साली घटनेत नागरिकांची कर्तव्ये घातली गेली, त्यांत मात्र हाक येईल तेव्हा देशाचे रक्षण व सेवा करणे हे 'प्रत्येक नागरिकाचे' कर्तव्य म्हटले आहे. एकाच ग्रंथाची दोन पाने, आणि दोन्ही खरी.

अर्धी सक्ती आपण एकदा करूनही पाहिली आहे. चीनच्या युद्धानंतर १९६३ साली कॉलेजातल्या धडधाकट मुलग्यांना एन. सी. सी. सक्तीची झाली. मुलींचा विभाग १९४९ पासून होता, पण त्यांना सक्ती नव्हती. पाच वर्षांत, १९६८ साली, ती सक्ती उठवावी लागली. नाव यादीत आले म्हणजे मन कवायतीत येते असे नाही, हे मास्तरांना निराळे सांगायला नको.

म्हणून माझे मत विचाराल, तर शांततेच्या काळात सक्ती कोणालाच नको. पण तशी वेळ आलीच, तर यादी एकच असावी. सूट द्यायची ती अंगावरच्या जबाबदारीला द्यावी. घरी तान्हे मूल असलेल्या बाईला सूट हवीच. पण आंधळी आई एकट्याच्या गळ्यात असलेल्या मुलालाही ती हवी. आणि यादी म्हटली की लगेच हातात बंदूक, असे थोडेच आहे? ब्रिटनच्या त्या कायद्यात लेखी संमतीवाचून स्त्रीच्या हाती मारक हत्यार देता येत नव्हते. दवाखाना आहे, बिनतारी संदेश आहे, मोटार हाकणे आहे, कोठाराचा हिशेब आहे.

"पण बायकांना झेपेल का?" याचे उत्तर आपल्याच मुलखात आहे. खडकवासल्याच्या प्रबोधिनीचे दार सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशाने मुलींना उघडले, आणि २०२५ च्या मे महिन्यात पहिल्या सतरा जणी तिथून शिकून बाहेर पडल्या. साताऱ्याकडचे कर्नल संतोष महाडिक २०१५ साली कुपवाड्यात धारातीर्थी पडले. पदरी दोन मुले असताना त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी परीक्षा दिली, चेन्नईला शिक्षण पुरे केले आणि २०१७ साली त्या लेफ्टनंट झाल्या. त्यांना कोणी देशाला 'दिले' नाही. त्या गेल्या.

तो 'देणे' शब्द माझ्या कानातून जात नाही. मुलगा फौजेला द्यायचा, मुलगी सासरी द्यायची. देणारा तोच, फक्त घेणारा बदलतो. आणि मुलगा निदान भरतीच्या मैदानावर स्वतःच्या पायांनी धावतो तरी!

चार दिवसांनी ती मुलगी खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. रडली नाही, रागावलीही नाही.

"सर, नाव मी दिलं होतं ना?"

"हो, बाळ."

"मग खोडताना मला का नाही विचारलंत?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या वर्षीच्या जागा तोवर भरून गेल्या होत्या. पुढच्या जुलैत मी एस. टी.ने बेलापूरला गेलो. वडील ओसरीवर होते. त्यांना नमस्कार केला आणि कोरा अर्ज आधी मुलीच्या हातात दिला. तिने तो तिथेच भरला. सही केली, आणि कागद वडिलांपुढे धरला. ते बराच वेळ वाचत होते.