घरातील मातांचा थकवा आणि रक्ततपासणी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात झालेले व्याख्यान)



शिष्यवृत्त्या, विद्यार्थी वसतिगृह, वधूवर-परिचय हे आपल्या मंडळाचे नेहमीचे विषय. त्यांच्या पंक्तीला आज आम्ही एक घरगुती विषय आणून बसवीत आहोत, याचे कोणास नवल वाटेल. परंतु ज्या घरांच्या उन्नतीसाठी मंडळ झटते, त्या घरांचा भार जिच्या खांद्यावर आहे तिच्याच अंगात बळ उरले नसेल, तर बाकीचे सर्व कार्य पायावाचून उभारलेल्या इमारतीसारखे होय. म्हणून चालकांनी आम्हांस ही संधी दिली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

ही तक्रार सहसा तक्रारीच्या रूपाने पुढे येत नाही. सकाळी उठतानाच अंग जड वाटते. जिना चढताना धाप लागते. आतल्या खोलीत कशासाठी आलो, हे तेथे पोहोचल्यावर आठवत नाही. मुलाच्या वहीतील साधा हिशेब दोनदा मांडावा लागतो. "हल्ली माझे डोकेच चालत नाही," एवढेच ती हसून म्हणते आणि कामाला लागते. घरची माणसेही हसतात. कोणी म्हणते, वय झाले. कोणी म्हणते, काम कोणाला चुकले आहे. कोणी म्हणते, हे मनाचे खेळ. या तिन्ही उत्तरांत एक गोष्ट समान आहे: ती देणाऱ्यास उठून काहीच करावे लागत नाही.

श्रमाचा थकवा विश्रांतीने जातो. दिवाळीच्या फराळाने दमलेली गृहिणी दोन रात्री नीट झोपली की पुन्हा ताजीतवानी होते. तान्हे मूल घरात असल्यास आईच्या झोपेचीच वाण असते, हे खरे. तेव्हा प्रथम तिला झोप मिळेल अशी व्यवस्था इतरांनी करावी. पण विश्रांती मिळूनही जो थकवा दोन-तीन आठवडे हटत नाही, त्यास कारण असते, आणि ते अटकळीने नव्हे तर तपासणीने शोधावयाचे असते.

सर्वांत अधिक आढळणारे कारण म्हणजे रक्तक्षय. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी भारतात शेकडा ५७ व महाराष्ट्रात शेकडा ५४ स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे दिसून आले. मासिक पाळी, गर्भधारणा आणि प्रसूती यांत स्त्रीच्या शरीरातील लोह सतत खर्च होते; आणि सर्वांची पाने उठल्यावर उरलेसुरले आपल्या पानात घेण्याची जी रीत आपण कौतुकाने सांगतो, तीमुळे ते पुरेसे भरून येत नाही.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवावयास हवा. गर्भवती नसलेल्या स्त्रीच्या १०० मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय समजतात. परंतु हा आकडा ठीक असूनही थकवा असू शकतो. स्वयंपाकघरातील डबा भरलेला दिसतो, पण कोठीत धान्य उरलेले नसते, तशी ही स्थिती होय. शरीरातील लोहाची कोठी पाहावयाची, तर फेरिटिन नावाची तपासणी करावी लागते. निरोगी प्रौढ व्यक्तीत ते लिटरला १५ मायक्रोग्रॅमच्या खाली गेल्यास लोहाचा साठा संपला, असे जागतिक आरोग्य संघटना मानते; अनेक डॉक्टर लक्षणे असल्यास ३० च्या खालीच सावध होतात. मात्र अंगात ताप वा सूज असताना हा आकडा फसवा वाढतो. म्हणून आजारातून उठल्यावर तपासणी केलेली बरी.

रक्तक्षय एकाच प्रकारचा नसतो, हे सिद्ध करणारे मोठे कार्य आपल्या मुंबईतच झाले आहे. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज विदुषी भारतात आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत राहून, गिरण्यांत राबणाऱ्या गरीब गर्भवतींना होणाऱ्या एका घातक रक्तक्षयाचा त्यांनी शोध घेतला. त्यांनी या स्त्रियांच्या आहाराकडे लक्ष वळविले आणि यीस्टच्या साध्या अर्काने, म्हणजे मार्माइटने, हा रोग बरा होतो हे १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजेच आज प्रत्येक गर्भवतीस दिले जाणारे फॉलिक ॲसिड. कामकरी बायका अशक्तच असावयाच्या, असे म्हणून त्या थांबल्या असत्या तर हा शोध लागला नसता.

यातून घ्यावयाचा बोध असा की, थकवा दिसताच दुकानातून शक्तिवर्धक औषधाची बाटली आणणे म्हणजे अंधारात बाण मारणे होय. विशेषतः आपल्या शाकाहारी कुटुंबांत बी-१२ या जीवनसत्त्वाची उणीव संभवते. तीमुळे थकव्याबरोबर हातापायांस मुंग्या येतात व विसराळूपणा वाढतो. अशा वेळी केवळ फॉलिक ॲसिड घेत राहिल्यास रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते.

दुसरे मोठे कारण थायरॉइड ग्रंथीचे. तिचे कार्य मंदावले म्हणजे थंडी अधिक वाजते, वजन वाढते, केस गळतात, बद्धकोष्ठ होते आणि बुद्धीवर जणू धुके पसरते. प्रसूतीनंतरच्या पहिल्या वर्षात हा विकार नव्याने उद्भवू शकतो, आणि बाळंतपणाचा अशक्तपणा म्हणून तो दुर्लक्षिला जातो. टी.एस.एच. या एका तपासणीने त्याचा सुगावा लागतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असल्यास त्या या तपासणीचा निकाल बिघडवू शकतात. तेव्हा डॉक्टरांस तसे आधी सांगावे.

यांखेरीज उपाशीपोटी व जेवणानंतरची साखर, मूत्रपिंड व यकृत यांच्या तपासण्या आणि ड जीवनसत्त्व यांचा विचार डॉक्टर करतील. गरोदरपणी ज्यांना मधुमेह झाला होता त्यांनी प्रसूतीनंतरही साखर तपासून घ्यावी. चाळिशीनंतर पाळी जाण्याच्या सुमारास होणारे बदल, झोपेतील घोरणे व श्वास अडकणे, आणि बाळंतपणानंतर येणारी उदासीनता हीसुद्धा खरी कारणे आहेत. उदासीनता रक्तात दिसत नाही. ती विचारावी लागते. सर्व तपासण्या निर्दोष आल्या म्हणून तिचा थकवा खोटा ठरत नाही. शोध पुढे न्यावयाचा, एवढाच त्याचा अर्थ.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी दोन आठवड्यांची झोप, पाळीतील रक्तस्राव व चालू औषधे कागदावर टिपून न्यावीत. जाहिरातीतील भलीमोठी तपासणी-योजना घेण्याऐवजी डॉक्टरांनी निवडलेल्या चार तपासण्या अधिक उपयोगी पडतात. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यास जेवणाबरोबरचा चहा टाळावा, लिंबू वा आवळा जवळ करावा. आणि आकडा सुधारताच गोळ्या सोडू नयेत, कारण कोठी भरावयास पुढे आणखी काही महिने लागतात. आणि लोह कमी झाले तर ते कोठे गेले, हेही विचारावे. अतिरक्तस्राव अंगावर काढू नये. धाप लागणे, काळे शौच, वजन घटणे, रेंगाळणारा ताप, किंवा जीव नकोसा वाटणे, यांपैकी काही असल्यास एक दिवसही थांबू नये.

बंधुजनहो, शेवटची विनंती तुम्हांस आहे. ती आपणहून जाणार नाही. दवाखान्याचा दिवस उगवला की मुलाची परीक्षा असते, सासऱ्यांचे पथ्य असते, पाहुणे असतात. तेव्हा तो दिवस तुम्ही ठरवा, त्या दिवशीचा स्वयंपाक तुम्ही करा आणि तिच्याबरोबर जाऊन बसा. आणि भगिनींनो, संक्रांतीच्या हळदीकुंकवास आपण आवडीने वाण लुटतो. यंदा मंडळाने आपल्या सुवासिनींना आणि ज्यांना या समारंभापासून आजवर दूर ठेवले त्या भगिनींनाही, रक्ततपासणीचेच वाण द्यावे, अशी सूचना आम्ही करतो. २०२२ च्या नवरात्रात महाराष्ट्र शासनाने 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' या नावाने स्त्रियांच्या आरोग्य तपासणीची मोहीम काढली होती. जे शासनाने राज्यासाठी केले, ते आपल्या घरासाठी करावयास आपणांस कोणाच्या हुकमाची गरज नाही.